जावाची छावणी, बाळापूरचा तांडा

हिंगोली जिल्ह्यात सहलीला कोणी जात नाही. औंढ्याला दर्शनाला जातात, नरसी नामदेवला जातात आणि त्याच संध्याकाळी परत फिरतात. मी तिथे चार दिवस राहून आले आणि एकही देऊळ पाहिलं नाही. "मग केलंस तरी काय?" असं माझ्या धाकट्या बहिणीने तीनदा विचारलं. फोनवर सांगून होण्यासारखं ते नव्हतं, म्हणून लिहायला बसले.

आमचे बाबा डॉक्टर. सांगलीत त्यांना सगळे 'कॅप्टन' म्हणत, कारण दुसऱ्या महायुद्धात ते फौजेत होते. युद्ध संपल्याबरोबर त्यांची फिरती वैद्यकीय तुकडी जावा बेटावर उतरली. तिथे जपान्यांनी डच बायका-मुलांना काही वर्षं तारेच्या कुंपणाआड डांबून, कामाला जुंपून, उपाशी ठेवून हाडांचे सापळे केले होते. युरोपातल्या छळछावण्या आपल्याला सिनेमामुळे ठाऊक आहेत. जावातल्या छावण्यांबद्दल कोणी फारसं बोलत नाही. त्यांच्या फाटकातून औषधं, स्ट्रेचर आणि पेजेची पातेली घेऊन शिरलेल्यांत आपल्या खेड्यापाड्यांतली पोरं होती, हे तर आमच्या घरातही कोणाला नीट माहीत नव्हतं. बाबा त्याबद्दल बोलतच नसत.

ते आणि आई दोघंही गेल्यावर घर आवरताना मला त्यांची एक लांबट वही सापडली. तिच्यात एका माणसाचं नाव पुन्हा पुन्हा येतं: आरोग्य शिपाई थावरू राठोड, बाळापूरजवळचा तांडा, निजाम इलाखा. थावरू मुलांच्या डोक्यातल्या उवा काढतो, हगवणीने माखलेली लेकरं स्वतः धुतो, चालता न येणाऱ्या म्हाताऱ्यांना पाठुंगळी घेऊन दवाखान्यात आणतो. थावरू नसता तर अर्धा वॉर्ड चालला नसता, असं एके ठिकाणी लिहिलं आहे. बाबा कौतुकाच्या बाबतीत पक्के चिक्कू. मी चाळीस वर्षं परिचारिका होते, त्यातली शेवटची आठ मेट्रन, पण माझ्या वाट्याला त्यांचं असं वाक्य कधी आलं नाही.

शेवटच्या पानावर मात्र वेगळीच गोष्ट आहे. फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम जड अन्न सोसत नाही, म्हणून छावणीत फक्त पातळ पेज, तीही चमच्याने, द्यायचा सक्त हुकूम होता. थावरूच्या तांड्यात मूल तापातून उठलं की गूळ-तुपाचा चुरमा करून त्याला पहिला घास हाताने भरवायची रीत. सहा-सात वर्षांची एक मुलगी ताप उतरून उठून बसली, हसली, आणि थावरूने आपल्या वाट्याची पोळी, गूळ आणि तूप कुस्करून तिला चार घास भरवले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. बाबांनी साऱ्या तुकडीसमोर त्याला सुनावलं, "तू मारलंस तिला." त्याखाली, वेगळ्या शाईत, बऱ्याच वर्षांनी बाबांनी काही ओळी लिहिल्या आहेत. त्यांत हे बोलणं चुकीचं होतं अशी कबुली आहे.

ते पान वाचून मी वही मिटली आणि कपाटात ठेवून दिली. ही बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. आधी नोकरी होती, मग यजमानांचं आजारपण आलं, मग माझा गुडघा. सबबी मला कधी कमी पडल्या नाहीत.

गेल्या डिसेंबरात सुनंदाचा फोन आला. सुनंदा माझी विद्यार्थिनी, आता आखाडा बाळापूरकडच्या एका उपकेंद्रात परिचारिका आहे. थावरूचं नाव मी कधीतरी तिच्या कानावर घातलं होतं. "मॅडम, तुमचा तो तांडा घावला," ती म्हणाली. "तिथल्या शाळेत फौजेत गेलेल्यांच्या नावाचा फलक लावून राहिले, सव्वीस जानेवारीला. पण थावरू राठोडाचं नाव त्यात न्हाई. तांडा नको म्हणतो, त्याची लेक बी नको म्हणते. काहून, ते कोणी सांगत न्हाई."

काहून, ते मला माहीत होतं. मी तिकीट काढलं आणि वही पिशवीत घातली.

आखाडा बाळापूर, २३ जानेवारी

नांदेडहून बाळापूरपर्यंतच्या एसटीबद्दल इतकंच सांगते की मी पोचले तेव्हा माझा गुडघा माझ्याशी बोलत नव्हता. सुनंदा आणि तिचा नवरा गजानन स्टँडवर उभेच होते. बाजाराचा दिवस होता. रस्त्याच्या एका कडेला मेथी, वांगी आणि हरभऱ्याच्या जुड्या, दुसऱ्या कडेला ट्रॅक्टरांची रांग, आणि मधून हिंगोलीच्या गाड्या हॉर्न वाजवत चाललेल्या. आमच्याकडे बाजार आणि रस्ता वेगळे असतात. इथे एकाच जागेत दोन्ही चाललं होतं आणि कोणाची काही तक्रार दिसली नाही.

घरी गेल्यावर मी भेटी काढल्या. सांगलीचं माणूस कुठेही निघालं की भडंग, हळद आणि गूळ बांधून घेतं. हळदीचा पुडा बघून गजानन हसायला लागला.

"मॅडम, ही हळद आमच्याच वावरातून सांगलीच्या बाजारात गेली असन. तुमी पिशवीत घालून तिला माहेरी आणली."

मी मुकाट्याने पुडा आत टाकला. रात्रीच्या जेवणात ज्वारीची भाकरी, हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याचा कांदा घालून केलेला घोळाणा आणि ठेचा. "आम्ही कोल्हापूर-सांगलीकडचे, आम्हाला तिखटाचं काही सांगू नका," अशी फुशारकी मी मारली आणि पहिल्या घासालाच नाकाडोळ्यांतून पाणी आलं. सुनंदाने न बोलता दही पुढे सरकवलं. विद्यार्थिनीपुढे अशी फजिती व्हावी, आणि तिने ती न पाहिल्यासारखं करावं, यात मला माझ्याच शिकवणीचा हात दिसला.

जेवताना तिने कळलं तेवढं सांगितलं. थावरू जाऊन तीस वर्षं झाली होती. त्याची मुलगी जमनाबाई, तांड्यात सगळे तिला जमनायाडी म्हणतात. याडी म्हणजे आई. तिचा मुलगा बळीराम हळद आणि कापूस करतो. थावरूबरोबर काम केलेलं बाहेरचं एकच माणूस उरलं होतं, शिरड शहापूरचे वसंतराव, सरकारी दवाखान्यातले जुने कंपाउंडर.

"आधी त्यांना भेटा," सुनंदा म्हणाली. "याडीपुढं जायच्या आधी थोडं ठावं असलेलं बरं."

शिरड शहापूर, २४ जानेवारी

गजाननने शेजाऱ्याची जीप मागून आणली. दोन्ही बाजूंना हळदीची शेतं होती, पानं पिवळी पडून वाळायला लागलेली. आमच्याकडे या दिवसांत उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडतो. इथे रस्ता मोकळा, आभाळ मोठं, आणि मध्येच एखादी टेकडी कोणीतरी विसरून गेल्यासारखी बसलेली. दोन ठिकाणी ज्वारीच्या वावरात हुरडा भाजणं चाललं होतं. गजाननने एका ठिकाणी जीप थांबवली, ओळख ना पाळख, आणि त्या घरच्या बाईंनी माझ्या ओंजळीत गरम हुरडा घातला. आमच्याकडे आता हुरड्याला तिकीट असतं.

वसंतराव पंचाऐंशीच्या पुढचे, स्वच्छ धोतर, कानाला यंत्र. थावरूचं नाव घेतल्याबरोबर ते ओट्यावरच्या चटईवर सरळ बसले.

"ताई, थावरूची मला एकच गोष्ट ठावी हाय, पण ती पक्की हाय," ते म्हणाले. "पटकीची साथ आली व्हती. मी नवा नवा लागलेलो, डॉक्टर रजेवर, औषध संपलेलं. थावरू दवाखान्यात आला आन म्हणाला, कंपाउंडरसाब, मीठ द्या, साखर द्या, बाकी मी बघतो. त्यानं चार तांडे आन दोन गावं वाचवली, बराबर सांगतो. पाणी उकळायला लावायचा, मीठ-साखरेचं माप सांगायचा, चमच्याचमच्यानं पाजा म्हणायचा. घाई करू नका, एकदम देऊ नका, हे तर दहादा सांगायचा."

"फौजेत शिकला होता," मी म्हणाले.

"व्हय. पण एक बघा. तो झोपडीच्या बाहेर उभा राहायचा. चमचा स्वतःच्या हातानं कधी धरला न्हाई. एका घरी बाई मरून गेलेली, पोरगं एकटंच पडलेलं. मी म्हणालो, अरे थावरू, तूच पाज की. तर हात मागं बांधून म्हणाला, माझ्या हाताचं नको. शेवटी मी पाजलं. मला वाटलं, जातीपातीचं काही मनात धरून राहिला. तशी ती गोष्ट नसन, असं आता वाटतं."

"नव्हती," मी म्हणाले, आणि त्यांना वहीतली हकिगत सांगितली. वसंतरावांनी कानातलं यंत्र नीट केलं आणि मला ती पुन्हा सांगायला लावली. मग म्हणाले, "एवढी तकलीफ घेऊन माणूस माझ्या शेजारी उभा व्हता, आन मी त्याला भेदाभेद करणारा समजून राहिलो."

परत येताना बाबांवर मला राग येत होता, आणि तो राग मला नवीन होता. आमच्या घरात बाबांचा फोटो दिवाणखान्यात मधोमध आहे.

तांडा, २५ जानेवारी

सकाळी बळीराम मोटारसायकल घेऊन न्यायला आला. पन्नाशीचा, उंच, मितभाषी माणूस. मला मागे बसवताना त्याने आधी माझा गुडघा बघितला, मग रस्ता, आणि म्हणाला, "हळू नेतो. पडलो तर दोघं बी पडू." पडलो नाही, पण शेळ्यांचा एक कळप आडवा आला तेव्हा मी त्याच्या खांद्याला असं धरलं की त्याचा सदरा उसवला.

वाटेत मी विचारलं, आजोबांची काय आठवण आहे?

"आज्या माझ्यावर लय जीव लावायचा," तो म्हणाला. "पण मला कडेवर घेतलेलं आठवत न्हाई. शेंग, बोर, काही आणलं तर खाटेवर ठेवायचा आन दूर व्हायचा. मी म्हणायचो, दे की हातात. तो हसायचा फकत."

तांडा टेकडीच्या उतारावर आहे. बंजाऱ्यांची साठेक घरं, बहुतेक सिमेंटची, गच्चीवर कापूस वाळत घातलेला. जमनायाडी दारातच खाटेवर बसली होती. पंचाहत्तरीची बाई, पण अजून घेरदार घागरा, आरशांची चोळी आणि दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या. तिच्या सुना साड्या नेसतात, नातीच्या अंगात जीन्स होती. तिने मला वरपासून खालपर्यंत निरखलं आणि चहा सांगितला.

आणि मी काय केलं? रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून पिशवीतून गुळाची ढेप काढली आणि तिच्यासमोर ठेवली. "आमच्या सांगलीचा आहे, रसायन नसलेला," असंही वर म्हणाले.

सुनेने सासूकडे बघितलं. बळीरामने ढेप उचलली आणि शेजारच्या घरात नेऊन दिली. मग परत येऊन हळू आवाजात म्हणाला, "आमच्या घरात गूळ येत न्हाई, बाई. आज्याच्या वेळेपासून."

ते पान मी इतक्यांदा वाचलं होतं. पोळी, गूळ, तूप. तरी भेट निवडताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. चाळीस वर्षं रुग्णांच्या नातेवाइकांना काय बोलू नये याचे धडे देणारी मी.

याडीनेच माझी सुटका केली. "तुमाला ठावं हाय तर," ती म्हणाली.

"आहे. तुमच्या वडिलांना जे डॉक्टर बोलले ना, ते माझे वडील."

ती दचकली नाही. फक्त खाटेवर पाय वर घेऊन बसली आणि म्हणाली, "मंग बोला."

तिला सगळी गोष्ट ठाऊक होती. थावरूने सांगितली म्हणून नव्हे. त्याच तुकडीत शेजारच्या तांड्याचा एकजण होता. तो थावरूच्या आधी सुटून आला आणि बाळापूरच्या बाजारात सांगून मोकळा झाला की थावरूने गोऱ्याचं पोरगं मारलं, खुद्द डाक्टर म्हणाला. थावरू परतला तोवर तांड्याने आपलं मत करून टाकलं होतं. तो वाटेने जाताना बायका लेकरांना आत घ्यायच्या. याडीची सोयरीक दोनदा मोडली. आता फलकावर नाव आलं की ते सगळं नव्याने निघणार, म्हणून तिलाही नाव नको होतं.

मी वही काढली आणि बाबांच्या त्या ओळी वाचल्या. मराठी साधी होती, तरी बळीराम मधून मधून तिला गोरबोलीत, त्यांच्या बंजारा भाषेत, समजावत होता.

"'थावरूला मी सर्वांसमोर म्हणालो, तू मारलंस तिला. ते मला माहीत नव्हतं. त्याच रात्री वॉर्डात आणखी चार मुलं गेली. त्यांच्या तोंडात पेजेखेरीज काही गेलं नव्हतं. मी फार दिवस झोपलो नव्हतो, मुलं मरत होती आणि मला दोष द्यायला कोणीतरी हवं होतं. तो दुसऱ्या दिवशी वेळेवर कामाला आला. मी त्याच्याशी काही बोललो नाही. त्याची क्षमा मागायची राहिली आहे.'"

याडीने डोळे मिटले होते. मला वाटलं, ती रडेल. मी तिचा हात धरायच्या तयारीत होते. खरं सांगायचं तर मी मनातल्या मनात स्वतःवर थोडी खूषही होते.

तिने डोळे उघडले आणि विचारलं, "हे कवा लिवलं तुमच्या बापानं?"

पानाखाली तारीख होती. "ते निवृत्त झाले त्या दिवशी. इमर्जन्सीच्या साली."

ती बळीरामकडे वळली. "हा त्याच साली झाला." मग माझ्याकडे. "तवा माझा बाप जिता व्हता. त्याच्यावर वीस सालं जगला. तुमच्या बापाला गाव ठावं, नाव ठावं. एक कारड टाकता आलं न्हाई?"

मी वही मिटून मांडीवर ठेवली. तिने वहीकडे बोट केलं.

"आन तुमाला ही वही कवा घावली?"

"बारा वर्षं झाली."

तिने मान हलवली, भाजीवालीने भाव सांगावा आणि आपण तो ऐकून घ्यावा तशी. आवाज चढवला नाही. "तुमचा बाप चारचौघांत बोलला ना? मंग हे बी चारचौघांत बोला. उद्या शाळेत झेंडा हाय. सगळा तांडा येतो. तिथं वाचा."

दुपारी तिच्या सुनेने अंबाडीची भाजी आणि भाकरी वाढली, ताट माझ्यापुढे ठेवलं आणि मागे सरली. मग मी एकटीच बळीरामच्या वावराच्या बांधावर जाऊन बसले. तिला काय म्हणायचं ते मला कळत होतं, पण मन तयार होत नव्हतं. खाजगीत माफी सांगणं वेगळं. शे-दोनशे माणसांपुढे, ज्यांनी बाबांना कधी पाहिलं नाही, त्यांच्यापुढे बाबांना असं उभं करायचं? त्यांनी त्या छावणीत किती जीव वाचवले, ते या लोकांना कोण सांगणार? त्यांच्या डोक्यात बाबा म्हणजे फक्त ते एक वाक्य राहील.

मग लक्षात आलं की थावरूचं अगदी हेच झालं होतं. त्यानेही त्या छावणीत कितीतरी जीव वाचवले, आणि लोकांच्या डोक्यात तोही फक्त एका वाक्याएवढाच राहिला. बाबांना तो त्रास एक दिवस सोसायला लागला तर फार बिघडणार नव्हतं. मी उठून याडीला सांगितलं, "वाचते."

"बरं," ती म्हणाली, आणि सुनेला माझं अंथरूण घालायला सांगितलं.

तांडा, २६ जानेवारी

शाळा दोन खोल्यांची, पुढे मोकळं पटांगण. फलक भिंतीवर लावलेला, त्यावर पिवळा कपडा. मुलं पांढऱ्या गणवेशात कुडकुडत उभी. तांड्याचे नायक, म्हणजे प्रमुख, सत्तरीचे, डोक्याला लाल फेटा, यांना बळीरामने सकाळीच गाठून माझ्याबद्दल सांगितलं होतं. त्यांना ते फारसं आवडलेलं दिसलं नाही. "सणाच्या दिवशी जुनं काहून उकरता?" असं ते म्हणाले, पण याडीने त्यांच्याकडे नुसतं बघितलं आणि त्यांनी विषय सोडला.

झेंडा वर गेला, राष्ट्रगीत झालं, फलकावरचा कपडा निघाला. सात नावं होती. टाळ्या झाल्या. मग नायक म्हणाले, "सांगलीहून एक बाई आल्या, त्यांना दोन शब्द बोलायचे हायत."

मी कोण, माझे वडील कोण, छावणी कसली, हे आधी सांगितलं. थावरूने तिथे काय काय केलं ते वहीत होतं तसं वाचलं, पान उलटून पान. उवा, हगवण, पाठुंगळी घेतलेल्या म्हाताऱ्या. मग चुरम्याची गोष्ट आली, तेव्हा माणसं एकमेकांकडे बघू लागली. मी थांबले नाही. बाबा जे बोलले ते वाचलं, आणि नंतर जे लिहिलं तेही वाचलं. मला तिथेच बसता आलं असतं. पण मी तारीख वाचली.

"हे लिहिलं तेव्हा थावरू राठोड इथेच, या तांड्यात, होते," मी म्हणाले. "माझ्या वडिलांनी ते त्यांना कळवलं नाही. मला हे बारा वर्षांपूर्वी सापडलं. मीही कळवलं नाही. वडिलांच्या वतीने आणि माझ्या वतीने, मी तुमच्या सगळ्यांपुढे जमनायाडीची माफी मागते."

नायक उठले. "बाई, तुमी दवाखान्यातल्या. एक बराबर सांगा. ते पोरगं त्या घासानं मेलं का न्हाई?"

सगळं पटांगण माझ्याकडे बघत होतं. याडी पुढच्याच रांगेत होती. 'नाही' म्हणायला एक क्षण पुरला असता, आणि सगळ्यांना तेच हवं होतं. पण तिच्या चेहऱ्याकडे बघून मला खोटं बोलवेना. खोटं-अर्धवट तिने आयुष्यभर पुष्कळ ऐकलं होतं.

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "इतकं उपाशी राहिलेल्या शरीराला जड घासाने अपाय होतो, हे खरं आहे. तसं झालेलं असेल. पण त्याच रात्री ज्यांना कोणी घास दिला नाही, तीही मुलं गेली. ती मुलगी कशाने गेली, ते त्या दिवशी कोणालाच सांगता येत नव्हतं. माझ्या वडिलांनाही नाही. माहीत नसताना ते 'मारलंस' म्हणाले. चूक ती आहे. थावरूंनी तिला आपल्या लेकरासारखं भरवलं, एवढंच पक्कं माहीत आहे."

नायकांनी डोक्यावरचा फेटा दोन्ही हातांनी नीट केला आणि खाली बसले. मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "आमची आई आमाला आत वढायची, तो आला की."

याडी उठून माझ्यापाशी आली. "ते पान द्या."

मी तयारीने आले होते. बाळापूरला काढलेली झेरॉक्स पुढे केली.

"हे न्हाई. ज्याच्यावर तुमच्या बापानं लिवलं ते."

बाबांच्या वहीचं पान फाडणं मला जमेल असं वाटलं नव्हतं. मी पट्टी मागितली, शाळेतल्या बाईंनी आणून दिली. पट्टी लावून, शिवणीच्या कडेने, पान हळूच वेगळं केलं आणि तिला दिलं. तिला वाचता येत नाही. तिने ते उलटसुलट करून बघितलं आणि नायकाकडे वळून म्हणाली, "आता लिवा त्याचं नाव. आरोग्य शिपाई लिवा. वीर-बीर काही नको."

"लिवू," नायक म्हणाले.

मला वाटलं, संपलं. मुलांना खाऊ वाटायला सुरुवात झाली होती, मी खुर्ची शोधत होते. तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून एक अगदी वाकलेली म्हातारी काठी टेकत पुढे आली. याडीपेक्षाही थकलेली. तिने काठी टाकून दिली, दोन्ही हात याडीच्या गळ्यात घातले आणि मोठ्याने, सुरात, काहीतरी म्हणत रडायला लागली. तिच्या मागे दुसरी आली, मग तिसरी. याडी इतका वेळ ताठ उभी होती. ती त्यांच्या खांद्यावर कोसळली आणि तिचाही सूर त्यात मिसळला. घागऱ्यांचा आणि साड्यांचा एक गोल तयार झाला, आणि शाळेतली मुलं हातातला खाऊ विसरून बघत राहिली.

आमच्याकडे बायका असं रडत नाहीत. मी घाबरले. बळीराम माझ्या शेजारी उभा होता, त्याचे डोळे भरलेले.

"काय झालं?" मी विचारलं. "काय म्हणताहेत त्या?"

"माणूस गेलं की तांड्यातल्या बाया अशा गळ्यात पडून त्याच्या नावानं रडतात," तो म्हणाला. "आज्या गेला तवा याडी दारात बसून व्हती, कोणीच आलं न्हाई. आज त्याच्यासाठी रडून राहिल्या."